मायकल फॅरडे : लोहाराचा मुलगा व मंडळीचा वडील

नाताळाच्या दिवसांत मंदिर शृंगारण्याचे काम बहुधा मुलांकडे असते. पताका लावून झाल्या व फुगे फुगवून झाले, की एखादा खोडकर मुलगा फुगा आपल्या कोरड्या केसांवर भराभर घासतो, भिंतीस टेकवतो आणि हात काढून घेतो. फुगा खाली पडत नाही. खळ नाही, दोरा नाही, खिळा नाही, तरी तो भिंतीस चिकटून राहतो. मुले टाळ्या पिटतात. वडील माणसे हसून आपल्या कामास लागतात. परंतु ज्याला विचार करण्याची सवय आहे त्याने येथे क्षणभर थांबावे. घासला तो फुगा. भिंतीस कोणी हातही लावला नव्हता. मग जिच्यात काही पालट केला नाही, त्या भिंतीने फुग्यास का धरून ठेवावे?

ह्या प्रश्नाचा शोध ज्यांनी मनापासून केला त्यांत मायकल फॅरडे ह्यांचे नाव फार वर आहे. योगायोग असा की रबराचा फुगाही प्रथम त्यांनीच केला. 1824 साली हायड्रोजन वायू साठवून पाहण्यासाठी त्यांनी रबराचे दोन पातळ तुकडे एकावर एक ठेवले, आतली बाजू चिकटू नये म्हणून तीस पीठ लावले, आणि कडा दाबून जोडल्या. पुढे ती वस्तू मुलांच्या हाती गेली. ज्या मनुष्याची ही कथा आहे तो मोठा शास्त्रज्ञ होता हे शाळेतील पुस्तके सांगतात; तो एका लहानशा, गरीब मंडळीचा वडील होता, आणि एकदा त्या मंडळीतून बाहेर काढला गेला होता, हे मात्र त्यांत क्वचितच सापडते.

मायकलचा जन्म 22 सप्टेंबर 1791 रोजी लंडन शहराजवळ न्यूइंग्टन येथे झाला. त्याचा बाप जेम्स हा लोहार. उत्तरेकडील खेड्यातून तो कामासाठी शहराकडे आला होता. पण शरीर साथ देईना, व कित्येक दिवस ऐरणीपाशी उभे राहणेही त्यास जमत नसे. 1801 साली धान्य फार महाग झाले तेव्हा घरात एक एक पाव मोजून दिला जाई. मायकलच्या वाट्यास आठवड्यास एक पाव येई, व तो त्याने सात दिवस पुरवावा असा नेम होता. लिहिणे, वाचणे व थोडे अंकगणित एवढीच त्याची शाळा. गणित तो पुढे कधीही शिकला नाही.

हे कुटुंब सँडमनपंथीय मंडळीच्या उपासनेस जात असे. ही मंडळी स्कॉटलंडात जॉन ग्लास नावाच्या पाळकापासून निघाली व त्यांचे जावई रॉबर्ट सँडमन ह्यांच्या नावाने इंग्लंडात ओळखली गेली. तिच्यात पगारी पाळक नसे. मंडळीने निवडलेले वडीलच उपदेश करीत. दर रविवारी दोन उपासनांच्या मध्ये सर्व जण एकत्र बसून प्रीतिभोजन करीत, एकमेकांचे पाय धूत, आणि पैसा साठवून ठेवणे हे शास्त्राविरुद्ध मानीत. मंडळीचा प्रत्येक निर्णय एकमताने व्हावा असा त्यांचा कडक नियम होता. ही मंडळी कधीच मोठी झाली नाही, आणि विसाव्या शतकात ती संपली. परंतु फॅरडे ह्यांचे जीवन समजावयाचे असेल तर प्रयोगशाळेइतकेच ह्या साध्या उपासनागृहाकडेही पाहिले पाहिजे.

तेराव्या वर्षी मायकल ब्लँडफर्ड स्ट्रीटवरील रिबो नावाच्या पुस्तकविक्याकडे कामास लागला. प्रथम घरोघर वर्तमानपत्रे पोहोचवणे, आणि 1805 पासून सात वर्षे पुस्तकबांधणीची उमेदवारी. हातात बांधावयास येई ते पुस्तक तो वाचूही लागला. मालक भला होता. त्याने अटकाव केला नाही. एके दिवशी ज्ञानकोशाचा जो भाग बांधावयास आला त्यात विद्युतेवरील लेख होता. तो वाचून ह्या मुलाने आठवड्याच्या चार-दोन पेन्यांतून सामान जमवले, व काचेच्या बाटलीचे एक विद्युद्यंत्र तयार केले. बाटली फिरवावयाची, तीस घर्षण द्यावयाचे, व उत्पन्न झालेल्या विद्युतेचे गुण पाहावयाचे. वाचलेले खरे की खोटे हे स्वतःच्या हाताने करून पाहावे, ही सवय त्यास तेथेच लागली, व ती जन्मभर सुटली नाही.

त्याचा वडील भाऊ रॉबर्ट हाही लोहारच होता. संध्याकाळी टेटम नावाच्या गृहस्थाच्या घरी शास्त्रीय व्याख्याने होत. प्रवेशास एक शिलिंग पडे. ती शिलिंगे रॉबर्टने दिली. ह्या भावाचे नाव कोणी स्मरत नाही, म्हणून येथे मुद्दाम लिहिले आहे.

1812 साली दुकानातील एका गिऱ्हाइकाने मायकलला रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये सर हंफ्री डेव्ही ह्यांच्या चार व्याख्यानांची तिकिटे दिली. त्याने प्रत्येक शब्द टिपून घेतला, आकृत्या काढल्या, आणि तीनशेंहून अधिक पानांचे ते टिपण आपल्या हाताने बांधून डेव्हींकडे पाठवले. तेथील एका मदतनीसास भांडणावरून काढून टाकावे लागले तेव्हा डेव्हींना ह्या मुलाची आठवण झाली. मार्च 1813 मध्ये आठवड्यास 25 शिलिंग पगार, माडीवर दोन खोल्या, कोळसा व मेणबत्त्या ह्या अटींवर तो कामास राहिला. पुढे दीड वर्ष डेव्हींबरोबर त्याने फ्रान्स व इटली पाहिले. डेव्हींच्या पत्नीने त्यास चाकराप्रमाणे वागवले. त्याने ते सोसले व डोळे उघडे ठेवून शिकत राहिला.

1821 हे वर्ष त्यांच्या आयुष्यात मोठे ठरले. जून महिन्यात त्यांचा विवाह त्याच मंडळीतील सारा बर्नार्ड हिच्याशी झाला. पुढील महिन्यात त्यांनी मंडळीपुढे उभे राहून आपल्या विश्वासाचा अंगीकार केला, व त्यांस सभासद करून घेण्यात आले. सप्टेंबरात त्यांनी विद्युत्प्रवाहाने तार चुंबकाभोवती सतत फिरवून दाखवली. आज घरोघर फिरणारे पंखे व शेतावरील विजेचे पंप ह्यांचे मूळ त्या प्रयोगात आहे. दहा वर्षांनी, 29 ऑगस्ट 1831 रोजी, चुंबकाच्या पालटाने तारेत विद्युत् उत्पन्न होते हे त्यांनी सिद्ध केले. ह्या शोधांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मी पुन्हा भिंतीवरील फुग्याकडे वळतो.

घर्षणाची विद्युत् ही फार जुनी ओळखीची गोष्ट आहे. ज्यास संस्कृतात तृणमणि म्हणतात तो पिवळा अंबर लोकरीवर घासला असता गवताची काडी ओढून घेतो, हे ग्रीक लोकांस ठाऊक होते. ग्रीक भाषेतील त्याच्या नावावरूनच इंग्रजांनी विद्युतेस नाव दिले. विद्युतेचे दोन प्रकार आहेत, एक धन व एक ऋण. सारखे असतील ते एकमेकांस दूर लोटतात, भिन्न असतील ते जवळ ओढतात. आणि 1785 साली फ्रान्सचे कूलाँ ह्यांनी मोजून दाखवले की अंतर दुप्पट केले तर हा जोर चौथाईवर येतो. फॅरडे ह्यांच्या काळी विद्वान समजत की हा जोर मधल्या रिकाम्या जागेतून एकदम उडी घेतो, मधल्या पदार्थांचा त्याच्याशी संबंध नाही. फॅरडे ह्यांस हे पटेना.

1836 च्या जानेवारीत त्यांनी रॉयल इन्स्टिट्यूशनच्या व्याख्यानगृहात बारा फूट लांब, बारा फूट रुंद व तितकीच उंच अशी लाकडी चौकट उभारली. तिच्यावर तांब्याची तार ताणली, कागद व कथिलाचा वर्ख लावून ती चोहोकडून बंद केली, आणि जमिनीपासून अलग ठेवली. मग पेटत्या मेणबत्त्या व विद्युत् ओळखण्याची नाजूक यंत्रे घेऊन ते स्वतः आत गेले. बाहेरून मोठ्या यंत्राने विद्युत् चढवली जात होती. पेटीच्या बाहेरील अंगावरून ठिणग्या उडत होत्या. आत बसलेल्या मनुष्यास काहीच कळले नाही. यंत्रांचे काटे जागचे हलले नाहीत. विद्युत् सर्व बाहेरच्या पृष्ठावर राहते, आत तिचा शिरकाव होत नाही, हे त्यांनी आपला देह पणास लावून पाहिले. वीज पडत असता बंद मोटारीत बसलेला मनुष्य बहुधा वाचतो, त्याचे कारण हेच. तो झाडाखाली उभा असता तर त्याच्या जिवास मोठा धोका होता.

त्याहूनही सुंदर प्रयोग 1843 सालचा. त्यास मोठे सामान लागले नाही. बर्फ ठेवण्याचे कथिलमिश्र धातूचे एक भांडे, साडेदहा इंच उंच व सात इंच रुंद. त्यास एक तार जोडून तिच्या टोकाशी सोन्याच्या वर्खाच्या दोन पातळ पट्ट्या लोंबत ठेवल्या. भांड्यात विद्युत् आली की ह्या पट्ट्या एकमेकींपासून दूर होतात. मग पितळेच्या एका गोळ्यास विद्युत् देऊन, तो तीन-चार फूट लांब कोरड्या रेशमी दोऱ्याने त्यांनी भांड्यात हळूहळू सोडला. गोळा भांड्यास कोठेही शिवला नाही, तरी पट्ट्या उघडल्या. गोळा बाहेर काढला, पट्ट्या मिटल्या. पुन्हा आत सोडला, पुन्हा उघडल्या. शेवटी गोळा भांड्याच्या तळास टेकवला. आता पट्ट्या अधिक उघडतील किंवा मिटतील असे कोणासही वाटले असते. त्या केसभरही हलल्या नाहीत. गोळा बाहेर काढून तपासला, तर त्यात विद्युतेचा अंशही उरला नव्हता.

ह्याचा अर्थ काय? भांड्यात आधीपासून दोन्ही प्रकारची विद्युत् होती, पण सारख्या मापाची, म्हणून बाहेरून ते उदासीन दिसत होते. गोळा आत येताच भिन्न प्रकारची विद्युत् आतील पृष्ठाकडे ओढली गेली, व गोळ्यासारखी होती ती बाहेर लोटली गेली. दोन्हींचे माप गोळ्यावरील विद्युतेच्या नेमके बरोबर होते. म्हणून गोळा तळास टेकला तेव्हा आतला हिशेब पूर्ण फिटला, आणि बाहेरचा जसाच्या तसा राहिला. फॅरडे ह्यांनी एकात एक अशी चार भांडी ठेवून हाच प्रयोग केला. मधल्या जागेत हवेच्या ऐवजी लाख व गंधक घालून पाहिले. हिशेबात दमडीचा फरक पडला नाही.

आता भिंत. ती धातूची नाही, तिच्यात विद्युत् इकडून तिकडे वाहू शकत नाही. परंतु तिचा प्रत्येक कण धन व ऋण ह्यांनी मिळून झालेला आहे. केसांवर घासलेल्या रबरी फुग्यावर ऋण विद्युत् जमते. असा फुगा जवळ आला की भिंतीच्या कणाकणांतील ऋण अंश किंचित मागे सरतो व धन अंश किंचित पुढे येतो. सरकणे अगदी सूक्ष्म. कणाबाहेर काहीच जात नाही. तरी तेवढ्याने फुग्यास भिन्न प्रकार जवळ व सारखा प्रकार दूर पडतो. जवळचे ओढणे दूरच्या लोटण्यापेक्षा थोडे जोरदार असते, आणि फुग्यासारखी हलकी वस्तू धरून ठेवावयास तेवढे पुरते. पावसाळ्यात हा खेळ साधत नाही, कारण वस्तूंच्या अंगावर दमटपणाचा पातळ थर बसतो व त्यातून विद्युत् निसटून जाते. फणीने कागदाचे कपटे उचलण्यातही हेच आहे. एवढेच की एखादा कपटा फणीस शिवून तिच्याच प्रकारची विद्युत् घेतो व लगेच दूर उडतो.

कणांच्या आत काय आहे हे फॅरडे ह्यांस ठाऊक असणे शक्य नव्हते. ऋण विद्युतेचा सूक्ष्म कण तर 1897 साली सापडला. परंतु अवाहक पदार्थाचे कण अशा रीतीने आपली दोन टोके फिरवून उभे राहतात, व एका कणापासून दुसऱ्यास हा प्रभाव पोहोचतो, हे त्यांनी 1837 सालीच सांगितले होते. पितळेच्या पोकळ गोलांत हवा, लाख, काच व गंधक निरनिराळे भरून त्यांनी दाखवले की मधला पदार्थ पालटला की विद्युत् साठवण्याची शक्तीही पालटते. मधली जागा रिकामी बघ्याची नव्हती. गणितज्ञांनी प्रथम ह्या म्हणण्याकडे फारसे लक्ष दिले नाही, कारण त्यात एकही समीकरण नव्हते. पुढे मॅक्सवेल ह्यांनी तेच विचार गणिताच्या भाषेत मांडले, तेव्हा त्यांची खोली जगास कळली.

एवढे काम करणाऱ्या मनुष्याचे शरीर व मन थकले ह्यात नवल नाही. 1839 च्या सुमारास त्यांस घेरी येऊ लागली व स्मरणशक्ती दगा देऊ लागली. ते काही महिने स्वित्झर्लंडात जाऊन राहिले. तेथे दिवसाकाठी कित्येक मैल चालत, पण काल काय वाचले ते आज आठवत नसे. पुढे काम पुन्हा सुरू झाले, तरी ही उणीव शेवटपर्यंत राहिली. आपण केलेला प्रयोग आपणच विसरू, म्हणून ते प्रत्येक परिच्छेदास अंक घालून दैनंदिनी लिहीत.

1832 साली मंडळीने त्यांस डीकन व 1840 साली वडील नेमले. रविवारी ते उपदेश करीत. व्याख्यानगृहात सरदार-दरकदारांस खिळवून ठेवणारे हे वक्ते मंडळीपुढे मात्र बहुतेक शास्त्रवचनेच एकापुढे एक वाचीत. आपले पांडित्य तेथे आणावे असे त्यांस वाटत नसे. आठवड्यात आजाऱ्यांच्या भेटी, गरिबांस गुप्त मदत. आणि मग 31 मार्च 1844 रोजी त्याच मंडळीने त्यांस सभासदत्वावरून काढले.

ह्याविषयी एक गोष्ट पुष्कळ सांगितली जाते, की त्यांनी एका रविवारी उपासना सोडून राणीच्या पंक्तीस जेवण घेतले, आणि ह्याचा पश्चात्ताप करण्यास नकार दिला. गोष्ट चटकदार आहे, परंतु चरित्रकारांनी शोध केला असता तीस आधार सापडला नाही. मंडळीत शिस्तीवरून तंटा उपस्थित झाला होता, व त्यात त्यांच्यासह आणखी कित्येक सभासद एकाच वेळी बाहेर काढले गेले, एवढे खरे. ज्यास युरोपातील विद्यापीठे मान देत होती, त्यास आपल्या लहानशा मंडळीत प्रभुभोजनाच्या मेजावर जागा राहिली नाही. दुसरा कोणी असता तर रागाने दुसऱ्या मंडळीत गेला असता. लंडनात मंदिरांची उणीव नव्हती, आणि असा सभासद कोणीही आनंदाने घेतला असता. आपल्याकडे तर एवढ्यावरून नवी मंडळी निघाल्याची उदाहरणे वाचकांस माहीत असतील. फॅरडे कोठेही गेले नाहीत. त्यांनी वर्तमानपत्रात काही लिहिले नाही. त्या दिवसांतील त्यांच्या पत्रांत खचलेल्या मनाची छाया दिसते. पाच आठवड्यांनी, 5 मे रोजी, मंडळीने त्यांस परत घेतले. परंतु वडीलपण गेले ते सोळा वर्षे मिळाले नाही. ती सोळा वर्षे ते साध्या सभासदाप्रमाणे येऊन बसत. 1860 साली त्यांस पुन्हा वडील निवडण्यात आले.

मंडळीने योग्य केले काय? माझ्या मते ती फार कठोर झाली. वडिलांच्या बैठकीत बसण्याचा ज्यास अनुभव आहे त्यास ठाऊक असते की एकमत व्हावे ह्या इच्छेतून कधी कधी मोठा अन्याय घडतो. तरी श्रीमंतास एक न्याय व गरिबास दुसरा असे तेथे झाले नाही, हेही लिहिणे भाग आहे.

पैशाविषयी त्यांचे वर्तन मंडळीच्या शिकवणीस धरून होते. कारखानदारांस सल्ला देऊन ते पुष्कळ पैसा मिळवू शकत होते. थोडी वर्षे मिळवलाही, व मग संशोधनासाठी ते काम बहुतेक सोडून दिले. 1835 साली सरकारातून पेन्शन देण्याची गोष्ट निघाली तेव्हा मुख्य प्रधान लॉर्ड मेलबर्न अशा पेन्शनांविषयी तुच्छतेने बोलले. फॅरडे उठून घरी आले व पेन्शन नको असे कळवले. प्रधानांनी लेखी दिलगिरी दर्शवली तेव्हाच वर्षास 300 पौंड त्यांनी स्वीकारले. पुढे रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद चालून आले. तेही त्यांनी घेतले नाही.

1853 साली इंग्लंडात एक वेड पसरले. अंधाऱ्या खोलीत माणसे मेजाभोवती बसत, मेजावर हात ठेवीत, आणि मेज आपोआप फिरू लागे. कोणी म्हणत मृतांचे आत्मे, कोणी म्हणत सैतान, आणि पुष्कळ शहाणे म्हणत ही विद्युत् आहे. विद्युतेचे नाव आल्यामुळे लोक फॅरडे ह्यांस पत्रे लिहून विचारू लागले. त्यांनी प्रामाणिक माणसे बसवली, हातांखाली पुठ्ठ्याचे थर मऊ चिकट पदार्थाने जोडून ठेवले, आणि पाहिले की आधी कोण सरकते, मेज की हात. वरचे थर आधी सरकले होते. माणसे नकळत स्वतःच मेज ढकलत होती. मग त्यांनी एक काडी अशी बसवली की हात जरा तिरपा जोर करू लागला की ती कलावी. बसणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे काडी ठेवताच मेज फिरायचे थांबले. हा निर्णय त्यांनी छापून प्रसिद्ध केला. विद्युतेचे नाव घेऊन भोळ्यांस फसवणे त्यांस सहन होत नसे, आणि आपल्याकडे चुंबकाची कडी व विजेचे ताईत विकणारे फिरतात तेव्हा मला त्या काडीची आठवण होते.

शास्त्राच्या बळावर देव सिद्ध करण्याच्या भरीसही ते कधी पडले नाहीत. विश्वास हा शुभवर्तमानाने मिळतो, प्रयोगाने नव्हे, असे त्यांचे ठाम मत होते व ते त्यांनी 1854 साली राणीच्या पतीसमक्ष व्याख्यानात सांगितले. मुलांसाठी नाताळात व्याख्याने देण्याची रॉयल इन्स्टिट्यूशनची चाल आजही चालू आहे. फॅरडे ह्यांनी स्वतः अशा एकोणीस मालिका दिल्या. त्यांस स्वतःचे मूल नव्हते.

शेवटची वर्षे विस्मृतीत गेली. 1864 साली त्यांनी वडीलपण स्वतः सोडले. राणीने हॅम्पटन कोर्ट येथे राहावयास घर दिले होते; तेथे 25 ऑगस्ट 1867 रोजी आपल्या खुर्चीत बसले असता त्यांनी प्राण सोडला. वेस्टमिन्स्टर ॲबीत राजांच्या शेजारी पुरण्याचा मान त्यांनी पूर्वीच नाकारला होता. हायगेटच्या स्मशानभूमीत, राजमान्य मंडळीच्या बाहेरील ख्रिस्ती लोकांसाठी जो भाग आहे, तेथे थोड्या आप्तांनी त्यांस मातीत ठेवले. दगडावर त्यांचे नाव, जन्माची तारीख व मरणाची तारीख कोरलेली आहे.